‘भाऊ, याचे पार्ट येत नाहीत’

नागपुरात मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात जा आणि स्पिनिंग रील मागा. काचेच्या कपाटातून डबे निघतात. दुकानदार हँडलला झटका देऊन रील गरगर फिरवून दाखवतो आणि सांगतो, तेरा बेअरिंग आहेत, समुद्रालाही चालतं. मग त्याला एकच विचारा: लाइन रोलरचं, म्हणजे ज्या छोट्या चाकावरून दोर वळतो त्याचं, बेअरिंग गेलं तर मिळेल का? बेलची, म्हणजे दोर धरणाऱ्या तारेच्या कमानीची, स्प्रिंग मिळेल का? मी ज्या ज्या दुकानात हे विचारलं तिथे उत्तर एकच आलं. ‘भाऊ, याचे पार्ट येत नाहीत. खराब झालं तर नवीन घ्या ना.’

माझा सगळा राग या उत्तरावर आहे. ज्या यंत्राचा एकही सुटा भाग मिळत नाही ते यंत्र खाऱ्या पाण्यासाठी म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. खाऱ्या पाण्यात रीलचे काही भाग जाणारच. कोणते जाणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं आणि विकणाऱ्याला ठाऊक असायला हवं. तरी तो विकतो, कारण गिऱ्हाईक समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहतं आणि भांडायला परत येत नाही.

नागपूरला समुद्र कुठे, असं विचारणाऱ्यांनी हिवाळ्यात कोकणात जाऊन बघावं. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुले झाले. त्याआधीही पनवेलवरून रत्नागिरी, कुडाळकडे जाणाऱ्या मडगावच्या विशेष गाडीत रॉडच्या लांब नळ्या घेऊन चढणारे विदर्भातले लोक मी पाहिले आहेत. जिताडा, तांबोशी, रावस यांच्या ओढीने माणसं गुहागर, भाट्ये, देवगड, मालवण गाठतात. वर्षभर ही मंडळी गोसीखुर्दच्या फुगवट्यावर नाहीतर एखाद्या गावतळ्यावर गळ टाकून बसलेली असतात. गोडं पाणी सगळं माफ करतं. तिथे रील वर्षानुवर्षं न धुता, न उघडता चालतं आणि आपल्याला वाटतं की रीलची निगा म्हणजे बाहेरून फडकं मारणं. हीच सवय आपण लाटांपुढे घेऊन जातो.

आधी बेअरिंगच्या आकड्याचा समाचार घेऊ, कारण सगळ्यात जास्त पैसे त्या आकड्यावर उकळले जातात. डब्यावर ‘१३+१’ असं छापलेलं असतं. म्हणजे तेरा बॉल बेअरिंग आणि हँडल उलटं फिरू न देणारं एक. आता जगभर किनाऱ्यावरून वापरली जाणारी खरी कामाची रील बघा. पेनच्या बॅटलमध्ये ५+१ आहेत, डायवाच्या बीजीमध्ये ६+१. या कंपन्यांना आणखी सात-आठ बेअरिंग बसवता येत नव्हती का? येत होती. त्यांनी ती बसवली नाहीत, कारण भार येतो अशा जागा मोजक्याच आहेत: पिनियन, मुख्य गिअरच्या दोन बाजू, लाइन रोलर. स्वस्त रीलमध्ये बाकीची बेअरिंग हँडलच्या मुठीत आणि जिथे साधं बुशिंग पुरलं असतं तिथे कोंबलेली असतात. प्रत्येक जादा बेअरिंग म्हणजे मीठ जाऊन बसायची एक जादा जागा. त्यातही ती साध्या क्रोम स्टीलची असली तर एका रात्रीत तांबूस होतात. ‘स्टेनलेस’ म्हणून जी येतात त्यात ४४० सी हे पोलाद बरंच वापरलं जातं. ते कठीण असतं, पण समुद्राच्या मिठापुढे तेही कायमचं टिकत नाही, त्याला बारीक खड्डे पडतात. तेरा आकड्याला भुलून रील घेणारा माणूस तेरा दुखणी विकत घेतो.

आता नागपुरातल्या माणसाचं खास दुखणं. ते कोकणातल्या माणसाला नाही, म्हणून कोणी लिहीत नाही. फेब्रुवारीत आपण किनाऱ्यावरून परततो. रील पिशवीत, पिशवी कपाटावर. मार्च, एप्रिल, मे. ४५ अंशाचं ऊन, हवा कोरडी ठक्क. मे महिन्यात रील काढून फिरवलं तर ते सुरळीत फिरतं आणि आपण मित्रांना छातीठोकपणे सांगतो की बघ, आपल्याकडे काही गंजत नाही. पण मीठ आतच बसलेलं असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतच पाणी धरतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं, तेच बेअरिंगच्या आत होतं. जून संपता संपता नागपूरची हवा ओली होते आणि चार महिने निपचित पडलेलं ते मीठ पुन्हा समुद्र होतं. ऑगस्टमध्ये रील हातात घ्याल तर हँडल खरखरतं, बेल अर्ध्यात अडकते आणि लाइन रोलर फिरतच नाही. मग माणूस म्हणतो, ठेवून ठेवून खराब झालं. नाही. ते फेब्रुवारीतच खराब झालं होतं, कळलं पावसाळ्यात.

माझ्या टेबलावर असं एक रील उघडं पडलेलं मी पाहिलं आहे आणि ते दृश्य प्रत्येक दुकानदाराला जबरदस्तीने दाखवायला हवं. बेलच्या टोकाचा स्क्रू काढला तर रोलरखालून तपकिरी पाण्याचा थेंब आला. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टला घट्ट धरून बसली होती. बाहेरच्या कड्याला दोर घासून घासून एका जागी सपाट खाच पडली होती, कारण रोलर फिरत नव्हता आणि प्रत्येक वेळी गुंडाळताना दोर त्याच जागेवरून करवतीसारखा जात होता. बाजूच्या झाकणाचा एक स्क्रू निघाला, दुसऱ्याभोवती पांढरी पूड जमली होती आणि त्याचं डोकं फिरवताना तुटलं. आत पितळी पिनियनच्या दातांत हिरवट थर. मुख्य गिअर मात्र अजून चांगला होता. म्हणजे अख्खं रील एका रोलरच्या बेअरिंगपायी आणि एका स्क्रूपायी मेलं होतं. ते बेअरिंग मागायला गेलं की काय ऐकायला मिळतं ते वर लिहिलंच आहे.

ती पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. ‘ॲल्युमिनियम बॉडी आहे, गंजायचा प्रश्नच नाही,’ हे वाक्य ज्या शहरात बिनदिक्कत बोललं जातं, त्याच शहरात वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व आरेखन केंद्र १९८९ पासून उभं आहे. ॲल्युमिनियमला गंज चढतो, तो लाल नसतो इतकंच. रंग उडालेला असेल, त्यात स्टेनलेसचा स्क्रू रुतलेला असेल आणि मधे खारं पाणी असेल तर ॲल्युमिनियम झिजतं आणि स्टेनलेस शाबूत राहतं. दोन वेगळ्या धातूंना खाऱ्या पाण्याने जोडलं की जास्त क्रियाशील धातू स्वतःचा बळी देतो, हे कोणत्याही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला माहीत आहे. उपायही क्षुल्लक आहे. नवीन रील घरी आल्यावर बाहेरचा एकेक स्क्रू काढायचा, आट्यांना ग्रीसचं बोट लावायचं आणि परत बसवायचा. हे काम कारखान्यात व्हायला हवं. स्वस्त रीलमध्ये ते होत नाही आणि महागात होतंच असं समजून चालू नका.

मग ‘सीलबंद’ रीलचा पर्याय पुढे केला जातो. आयपीएक्स ५, आयपीएक्स ६ असे आकडे सांगितले की गिऱ्हाईक गप्प होतं. या चाचण्या काय आहेत ते ऐका. आयपीएक्स ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा. आयपीएक्स ६ म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला शंभर लिटर. पाणी गोडं, वस्तू नवीकोरी, वेळ काही मिनिटं. तीन वर्षं वापरलेल्या, वाळू घासून कडा झिजलेल्या रबरी सीलबद्दल ही चाचणी अवाक्षर बोलत नाही. सील चांगलीच, ती नको असं मी म्हणत नाही. पण सील झिजली की आत गेलेलं पाणी बाहेरही येत नाही, आणि सील बदलायची तर ती इथे मिळत नाही. डायवाचं मॅगसील तर चुंबकाने जागेवर धरलेल्या तेलावर चालतं. ते घरी उघडून धुतलं की तेल गेलं आणि सीलही गेलं. ज्या गावात त्या कंपनीचं सेवाकेंद्र आहे त्या गावासाठी ती उत्तम कल्पना असेल. नागपुरातल्या माणसाने ती घेताना दहादा विचार करावा.

या शहराला तर हे शिकवायची गरज पडू नये. स्पिनिंग रीलची कल्पनाच मुळात गिरणीतून आली. ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या लोकर-गिरणीच्या मालकाने १९०५ मध्ये या रीलचं पेटंट घेतलं. बॉबिन जागची हलत नाही, सूत तिच्या टोकावरून सरसर निघून जातं, हे तो रोज बघत होता. त्याच तत्त्वावर स्पूल स्थिर ठेवून दोर कडेवरून सुटू देणारं रील त्याने केलं. आणि नागपुरात १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली, तिथे १८८० च्या दशकात रिंग स्पिंडल आजमावले गेले, तेव्हा ते हिंदुस्थानात जवळजवळ कोणी पाहिलेही नव्हते. त्या गिरणीत पिढ्यान्‌पिढ्या फिटर होते, जॉबर होते, तेलवाले होते. झिजलेला भाग काढून नवा बसवणं हा त्यांचा रोजचा धर्म होता. गिरणी गेली, तरी हिंगण्याला आणि बुटीबोरीला लेथवर दहा मायक्रॉनचं काम करणारे कारागीर आजही आहेत. अशा शहरात दोन पैशांच्या स्प्रिंगसाठी अख्खं रील फेकायला सांगतात आणि आपण निमूटपणे फेकतो.

तर मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. जे तुम्ही स्वतः उघडू शकता तेच घ्या. डबा हातात घेतला की बेअरिंग मोजू नका, स्क्रू बघा: साध्या स्क्रूड्रायव्हरने निघतात का. कंपनी त्या मॉडेलचा सुट्या भागांचा आराखडा, प्रत्येक भागाच्या क्रमांकासह, देते का ते बघा. पेन, शिमानो, डायवा या कंपन्या असे आराखडे देतात. आराखडाच नसेल तर ते रील कितीही चकचकीत असो, खाली ठेवा. लाटांपुढे दहा-अकरा फुटी रॉडवर ५००० ते ६००० मापाचं रील पुरतं. त्याहून मोठं घेतलं तर संध्याकाळपर्यंत मनगट जातं, लहान घेतलं तर दोर कमी पडतो. तीस पौंडाचा ब्रेडेड दोर अडीचशे-तीनशे मीटर मावला पाहिजे. हँडल आरपार बोल्टने कसलेलं नको, थेट गिअरमध्ये आट्यांनी बसणारं हवं, त्यात खेळ राहत नाही. ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढू लागला की दोर ताणाने सुटू देणाऱ्या ब्रेकच्या, चकत्या कार्बनच्या हव्यात. ग्रॅफाइटची बॉडी गंजत नाही हे खरं, पण मोठा मासा ओढायला लागला की ती लवते आणि गिअरचे दात एकमेकांवरून सरकतात, म्हणून मी धातूच्या बॉडीच्या बाजूने आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: रीलबरोबर त्याच दिवशी लाइन रोलरचं बेअरिंग आणि बेलची स्प्रिंग मागवा. भाग मागवता येत नसतील तर रीलही मागवू नका.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. रीलमधली बरीच बेअरिंग जगन्मान्य मापाची असतात. आतला व्यास ७ मिलिमीटर, बाहेरचा १४, जाडी ५, हे माप मधल्या आकाराच्या अनेक रीलमध्ये सापडतं आणि बेअरिंगच्या धंद्यात त्याला ६८७ म्हणतात. मोटारींची बेअरिंग विकणाऱ्या साध्या दुकानात जाऊन हा आकडा सांगा, स्टेनलेसचं हवं म्हणून हटून बसा. चहा-नाश्त्याच्या पैशात ते मिळतं. ‘पार्ट येत नाहीत’ हे अर्धं खोटं आहे आणि ते ऐकून घरी जाणं ही आपली चूक आहे.

आता धुण्याबद्दल, कारण इथे गिऱ्हाईकही तितकंच दोषी आहे. धुणं त्याच रात्री, मुक्कामाच्या खोलीवर, जेवायच्या आधी. सकाळी नाही आणि नागपूरला पोचल्यावर तर नाहीच. ड्रॅगचा नॉब घट्ट आवळा म्हणजे पाणी आत जाणार नाही. नळ बारीक धारेने सोडा आणि रील त्याखाली फिरवत धरा. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते मीठ काढत नाहीत, ते मीठ बेअरिंगपर्यंत पोचवतात. बादलीत अख्खं रील बुडवणारेही तसलेच. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, म्हणून आधी एक थेंब जिभेवर ठेवून बघा. मग कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत ठेवा आणि ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी दोर झटक्याझटक्याने सुटतो. स्पूल काढून, त्यातल्या ड्रॅगच्या चकत्या वेगळ्या करून, दोरासकट गोड्या पाण्यात तासभर ठेवा. ब्रेडेड दोर मिठाचं पाणी पिऊन बसतो आणि खालून स्पूल खातो. हे कोणी करत नाही आणि मग दोराखालचं ॲल्युमिनियम फुगलं की सगळे कंपनीला शिव्या देतात.

घरी आल्यावर लाइन रोलर उघडणं ही एकच गोष्ट केलीत तरी निम्मं रील वाचेल. एक स्क्रू, दोन वॉशर, एक बेअरिंग. पुसायचं, पातळ तेलाचा एक थेंब, परत बसवायचं. पाच मिनिटांचं काम. वर्षातून एकदा, आणि नागपुरात ते मे महिन्यातच, हवा ओली होण्याआधी, बाजूचं झाकण उघडून जुनं ग्रीस पुसून गिअरला नवीन ग्रीस लावायचं. उलटं फिरू न देणाऱ्या बेअरिंगला मात्र ग्रीस अजिबात नाही. त्यातल्या बारीक दांड्या ग्रीसमध्ये रुतल्या की हँडल मासा लागलेला असताना उलटं सुटतं आणि बोटं सोलून काढतं.

डब्ल्यूडी-४० चा फवारा मारून ‘सर्व्हिसिंग’ करणाऱ्यांनी हात आवरावा. पाणी हटवायला ते ठीक आहे, पण आतलं ग्रीस ते धुऊन नेतं आणि मागे टिकाऊ वंगण ठेवत नाही. गॅरेजमधलं गाडीचं घट्ट चेसिस ग्रीस भरणारे दुसऱ्या टोकाचे. पाण्याला दाद न देणारं मरीन ग्रीस आणि शिलाई मशीनच्या तेलासारखं पातळ तेल, एवढ्या दोन गोष्टी लागतात.

एवढा आटापिटा एका छंदासाठी कशाला, असं मला विचारतात. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर गरवायला बसणारा माणूस बाटलीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, गुंडाळून हाताने मासा काढतो, त्याला रील लागत नाही. बरोबर आहे. त्याच्या हातातला दोर त्याला क्षणोक्षणी कळत असतो. आपण मात्र शंभर मीटर लांब फेकतो आणि एका यंत्राच्या भरवशावर मासा ओढतो. ते यंत्र अडलं की दोर तुटतो. मासा तोंडात गळ आणि मागे ऐंशी मीटर न कुजणारा दोर घेऊन निघून जातो आणि खडकात अडकून मरतो. उरलेला दोर पाण्यात तरंगत राहतो. नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपण जातो नेमक्या त्याच महिन्यांत, गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच किनाऱ्यावरून बागेश्री आणि गुहा या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवून त्यांना सोडलं होतं. त्या पाण्यात तुटलेला दोर सोडून येणाऱ्याला मी मासेमार म्हणायला तयार नाही. गंजलेला रोलर हा फक्त तुमच्या खिशाचा प्रश्न नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची यंत्रं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं घेतली. मासेमारीच्या सामानाचं नाव नाही. ते यायला हवं आणि ते मागणारे आपणच असलो पाहिजे, कारण किनाऱ्यावरच्या बंदरात रीलचा एखादा जाणकार कारागीर तरी सापडतो, आपल्याला इथे कोणी नाही. तोवर कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा विषय आहेच. ‘खाऱ्या पाण्यासाठी’ असं छापून विकलेलं रील एका फेरीत जाम झालं तर बिल जपून ठेवा आणि आयातदाराला लेखी कळवा. त्याचं नाव आणि पत्ता डब्यावर छापणं त्याला बंधनकारक आहे.

दुकानदारांना माझं म्हणणं साधं आहे. तुम्ही जी दहा मॉडेलं विकता, त्या प्रत्येकाचं रोलर बेअरिंग, बेलची स्प्रिंग, ड्रॅगच्या चकत्यांचा संच आणि उलटं न फिरू देणारं बेअरिंग, एवढे चार भाग एका खोक्यात ठेवा. त्या सगळ्या खोक्याला तुमच्या कपाटातल्या एखाद्या महागड्या रीलपेक्षा जास्त भांडवल लागणार नाही. जो हे ठेवणार नाही त्याच्याकडून मी गळसुद्धा घेत नाही, आणि माझ्याबरोबर कोकणात येणाऱ्या प्रत्येकाला निघायच्या आधी मी हेच सांगतो.